वायफायचा पासवर्ड म्हणजे ओळख नव्हे



आमच्या शाळेच्या संगणक खोलीत वायफाय बसलं, तेव्हा सगळ्यांच्या सोयीसाठी मीच पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला होता. मुलांनी तो घरी दादाला सांगितला, दादाने मित्रांना. संध्याकाळी शाळेच्या भिंतीला टेकून पोरं मोबाईल बघत बसायला लागली. ऑनलाइन माहिती भरायचा शेवटचा दिवस आला आणि नेमका त्याच दिवशी डेटा दुपारीच संपला. कोणी संपवला? राउटरच्या यादीत फोनची नावं होती, माणसांची नव्हती. चूक माझीच होती. ती सुधारताना जे शिकले ते इथे मांडते आहे.

सामायिक पासवर्ड काय सांगतो?

घरी आणि बहुतेक शाळांत सगळ्यांना मिळून एकच पासवर्ड असतो. डब्ल्यूपीए-२ पद्धतीत तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो. तो बरोबर टाकला की राउटरला एवढंच कळतं, की या माणसाला पासवर्ड माहीत आहे. हा माणूस कोण, ते कळत नाही. वाड्याच्या दिंडीची एकच किल्ली सगळ्या भाडेकरूंकडे असावी, तसं हे. एकाने किल्ली हरवली की सगळ्यांसाठी कुलूप बदलायचं.

शाळेच्या फाटकावरची पद्धत

आता शाळा सुटायच्या आधीचा प्रसंग आठवा. कोणीतरी येऊन म्हणतं, "मी चिन्मयचा काका, त्याला घरी न्यायचंय." शिपाईमामा फाटक उघडत नाहीत. ते निरोप आत वर्गशिक्षिकेकडे नेतात. बाई नोंदवही बघून हो किंवा नाही सांगतात. तोवर फाटकातून फक्त निरोप जातो, माणूस नाही.

मोठ्या संस्थांच्या नेटवर्कमध्ये हेच चालतं. या पद्धतीच्या मानकाचं नाव आयईईई ८०२.१एक्स, ते २००१ साली आलं. यात तिघं असतात:

१. आत येऊ पाहणारा फोन किंवा लॅपटॉप (काका).
२. वायफायचं यंत्र किंवा तारेचा स्विच (शिपाईमामा).
३. ओळख तपासणारा सर्व्हर, बहुधा रेडियस प्रकारचा (नोंदवही असलेल्या बाई).

प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड. एखादे शिक्षक बदली होऊन गेले की त्यांचंच नाव कमी करायचं. बाकीच्यांना काही त्रास नाही. कोण कधी जोडलं गेलं, याची नोंदही राहते.

महाविद्यालयांतलं एड्युरोम याच पायावर उभं आहे. भारतात ते अर्नेट चालवतं. विद्यार्थी दुसऱ्या संस्थेत गेला तरी त्याची ओळख त्याच्या मूळ संस्थेचाच सर्व्हर पटवतो.

समोरचा खरा आहे का?

ओळख दोन्ही बाजूंनी पटायला हवी. शाळेच्या वायफायचंच नाव देऊन कोणीही खोटं वायफाय सुरू करू शकतो. म्हणून सर्व्हर आधी आपलं डिजिटल प्रमाणपत्र दाखवतो. ते तपासण्यासाठी फोनमध्ये नीट सेटिंग करून घ्यावं. काही जुन्या फोनमध्ये 'तपासू नका' असा पर्याय असतो, तो निवडायचा नाही.

यंत्राची ओळख

प्रत्येक यंत्राला १२ अंक-अक्षरांचा मॅक पत्ता असतो. 'यादीतल्या पत्त्यांनाच आत घेऊ' ही युक्ती मीही करून पाहिली. पण मॅक पत्ता म्हणजे शर्टावरचा बिल्ला, दुसऱ्याचा बघून तसाच लावता येतो. शिवाय आताचे फोन वायफायला बहुधा खऱ्याऐवजी बनावट पत्ता दाखवतात. खरी खात्री हवी असेल तर संस्थेच्या लॅपटॉपमध्येच प्रमाणपत्र बसवतात. मग पासवर्ड चोरला तरी दुसऱ्या यंत्रावरून आत येता येत नाही.

तार सुरक्षित असते का?

"तारेचं काय, ती तर भिंतीत आहे," असं आपण म्हणतो. पण भिंतीतलं सॉकेट रिकामं असेल आणि तपासणी नसेल, तर केबल लावणारा थेट आत! ८०२.१एक्स तारेलाही लागू पडतं. ते शक्य नसेल तर न वापरलेली सॉकेट बंद ठेवावीत. प्रिंटरसारखी पासवर्ड न टाकता येणारी यंत्रं वेगळ्या नेटवर्कवर ठेवावीत.

छोट्या शाळेत आणि घरी काय करावं?

- राउटरच्या सेटिंगचा कंपनीने दिलेला पासवर्ड आधी बदला.
- डब्ल्यूपीए-३ किंवा निदान डब्ल्यूपीए-२ निवडा. डब्ल्यूईपी नकोच.
- पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क ठेवा. कार्यालयाचा संगणक त्यात नको.
- पासवर्ड लांब ठेवा. शाळेचं नाव आणि पिनकोड नको.
- जुना कर्मचारी गेला की पासवर्ड बदला.

वर्गातला खेळ

चार मुलं घ्या: पाहुणा, शिपाई, बाई आणि एक तोतया. पाहुण्याने आपली खूण चिठ्ठीवर लिहून शिपायाकडे द्यायची, बाईंनी वहीत बघून उत्तर द्यायचं. आमच्या पाचवीत खेळ रंगला असताना एका मुलीने विचारलं, "बाई, चिठ्ठी शिपायानेच वाचली तर?"

मग आम्ही चिठ्ठी पाकिटात घालून चिकटवली. खऱ्या नेटवर्कमध्येही पासवर्ड असाच बंद पाकिटातून, म्हणजे कूटबद्ध होऊन सर्व्हरकडे जातो. मधल्या यंत्राला तो दिसत नाही.

फळ्याचा तो कोपरा आता पुसलाय. तिथे रोजचा सुविचार असतो.