खेळाडूंची निवड आणि वाढीचे वय

अमेरिकेत हाताने चेंडू फेकून खेळल्या जाणाऱ्या फुटबॉलमध्ये दरवर्षी नवोदित खेळाडूंची वाटणी होते. १९३६ पासून चालत आलेल्या या पद्धतीत मागील हंगामात सर्वांत मागे पडलेल्या संघास पहिली निवड मिळते, विजेत्यास फेरीतील शेवटची. आज ३२ संघ सात फेऱ्यांत ही निवड करतात व निर्णयाचा भार बहुधा संघाच्या महाव्यवस्थापकावर असतो. बालरोगतज्ज्ञाने या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. ‘डॉक्टर, हा मुलगा पुढे किती उंच होईल, खेळात टिकेल का?’ हा प्रश्न घेऊन संतपूर परिसरातील पालक माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांचीही अडचण त्या महाव्यवस्थापकासारखीच असते. आजच्या देहावरून त्यांना उद्याचे भाकीत हवे असते.

महाव्यवस्थापकाजवळ माहितीची वाण नसते. त्याचे पारखी अनेक महिने सामने पाहतात. मग चाळीस यार्डांची धाव, उभी उडी, लांब उडी, वजन उचलणे अशा चाचण्या होतात. वैद्यकीय तपासणी व मुलाखत होते. यातून गुणानुक्रमे यादी तयार होते. महाराष्ट्रातील क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांतही उंची, वजन, उभ्याने लांब उडी, ८०० मीटर धाव अशाच गोष्टी मोजल्या जातात.

खरा पेच यादी झाल्यावर उभा राहतो. संघाला ज्याची गरज आहे तो घ्यावा, की उपलब्धांपैकी सर्वोत्तम? आपल्या देशात याचे उत्तम उदाहरण २००८ साली घडले. आयपीएलच्या पहिल्या हंगामापूर्वी, १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या खेळाडूंची अशीच वाटणी झाली. दिल्लीकडे सेहवाग व गंभीर असे फलंदाज होतेच. म्हणून त्यांनी डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान निवडला आणि दिल्लीचाच विराट कोहली बंगळूरच्या संघास मिळाला. त्याच कोहलीने २०१६ च्या हंगामात ९७३ धावा केल्या. दिल्लीचा तर्क त्या दिवशी चुकीचा नव्हता. परंतु गरज आजची असते आणि खेळाडू पुढील अनेक वर्षांचा.

भाकिताची मर्यादा संशोधनानेही दाखविली आहे. केड मॅसी व रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी अमेरिकन निवडींचा हिशेब मांडला. एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के निघाली; म्हणजे नाणेफेकीहून किंचित बरी. तरीही संघ पहिल्या निवडींसाठी अवाच्या सवा किंमत मोजतात. २००० साली १९९ व्या क्रमांकावर निवडला गेलेला टॉम ब्रॅडी पुढे सात वेळा विजेता ठरला.

ही स्थिती विशीतल्या, वाढ पूर्ण झालेल्या तरुणांची. मग बारा-तेरा वर्षांच्या मुलाचे काय? मुलांमध्ये वयात येण्याचा आरंभ ९ ते १४ वर्षांदरम्यान केव्हाही होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे तेरा वर्षांच्या दोन निरोगी मुलांच्या हाडांच्या वयात तीन-चार वर्षांचे अंतर पडू शकते. लवकर वाढलेला मुलगा चाचणीत पुढे जातो, उशिरा वाढणारा घरी परततो. दोन-तीन वर्षांनी दुसरा पहिल्याची बरोबरी करतो, पण तोवर त्याने खेळ सोडलेला असतो.

यात आपल्या भागाची एक भर आहे. शाळेच्या दाखल्यांवर कितीतरी मुलांचा जन्म १ जूनचा असतो! नोंदच अशी असेल, तर वयोगटाला अर्थ उरत नाही. म्हणूनच भारतीय क्रिकेट मंडळाने २०१२ पासून १६ वर्षांखालील मुलांसाठी डाव्या हाताच्या व मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय काढण्याची टी-डब्ल्यू-३ पद्धत स्वीकारली. मात्र हे चित्र हाडांची परिपक्वता सांगते, जन्मतारीख नव्हे, याचे भान आपण डॉक्टरांनी ठेवले पाहिजे.

व्यवसायबंधूंना व पालकांना माझ्या चार सूचना आहेत.

१) एका दिवसाच्या उंचीवर मत देऊ नये. दर सहा महिन्यांनी उंची मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवावी. आई-वडिलांची उंचीही लक्षात घ्यावी.

२) वयाचा दाखला अंदाजाने देऊ नये. जन्मनोंदणी वेळेवर करणे हाच खरा उपाय आहे.

३) खेळण्यापूर्वी हृदय, हिमोग्लोबिन व दृष्टी तपासावी. कुटुंबात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झाला होता का, हे आवर्जून विचारावे.

४) उंची वाढविणाऱ्या जाहिरातीतील औषधांपेक्षा आहार, झोप व मैदान यांवर खर्च करावा.

संघाच्या महाव्यवस्थापकाला मोजक्याच जागा भरायच्या असतात. त्याला कोणाला तरी वगळावेच लागते. शाळेवर व घरावर तशी सक्ती नाही. निदान सोळाव्या वर्षापर्यंत तरी कोणत्याही मुलाचे नाव यादीतून कायमचे कापू नये, एवढाच या अभ्यासाचा निष्कर्ष.