मुलाखतीला जाताना काय घालावे? : कलाक्षेत्राच्या उंबरठ्यावरील विद्यार्थ्यांसाठी

बँकेची, रेल्वेची किंवा जिल्हा परिषदेची मुलाखत असेल तर पोशाखाचा प्रश्न फारसा उरत नाही. फिकट रंगाचा सदरा, गडद पँट, काळे बूट. मुलींसाठी साधी साडी अथवा सलवार-कमीज. हा नियम उघड आहे, सर्वांना सारखा आहे आणि एकदा ऐकला की पाळता येतो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या विद्यालयातून बाहेर पडलेली मुले वेगळ्या दारांशीही उभी राहू लागली आहेत. कोणी ॲनिमेशन शिकतो, कोणी जाहिरातसंस्थेत मांडणीकार होऊ पाहतो, कोणी चित्रपटाच्या कलाविभागात साहाय्यक, तर एखादी मुलगी वस्त्ररचनेच्या कार्यशाळेत. या ठिकाणांहून मुलाखतीचा निरोप येतो तेव्हा त्यात बहुधा एवढेच असते की, ‘कॅज्युअल चालेल’. आणि या दोन शब्दांनी आमच्या विद्यार्थ्यांची झोप उडते. सुटीत घरी आलेले माजी विद्यार्थी भेटतात तेव्हा नोकरीतील पगाराइतकाच हा प्रश्न विचारतात : ‘सर, नेमके घालायचे काय?’

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण तो क्षुल्लक नाही. ‘काहीही चालेल’ असे जेथे सांगितले जाते तेथेही सर्व काही चालत नसतेच. तेथे नियम असतो, फक्त तो लिहिलेला नसतो. लिहिलेला नियम गरिबाच्या मुलालाही वाचता येतो. न लिहिलेला नियम मात्र ज्याच्या घरात तो पिढ्यानपिढ्या वावरतो त्यालाच ठाऊक असतो. एखाद्या सुखवस्तू घरातील तरुण रंगाचे डाग पडलेला टी-शर्ट आणि गुडघ्यावर फाटलेली जीन्स घालून चित्रशाळेत गेला तर समोरचे म्हणतात, ‘कलावंत आहे!’ तोच वेश आपल्या मुलाने केला तर तो ‘गबाळा’ ठरण्याची भीती असते. डाग तोच, फाटके तेच. फरक पडतो तो बोलण्यातील इंग्रजीने, आडनावाने आणि खुर्चीवर बसण्याच्या सैलपणाने. म्हणूनच मी असे मानतो की अनौपचारिक पोशाखाची मुलाखत ही पहिल्या पिढीतील उमेदवाराला सुटाबुटाच्या मुलाखतीपेक्षा अधिक अवघड असते.

वस्त्राचा हा राजकीय अर्थ आपल्या समाजाने फार पूर्वीच ओळखला होता. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांसाठी मृतांची वस्त्रे, फुटकी भांडी आणि लोखंडाचे अलंकार सांगितले आहेत. माणसाने काय नेसावे हे ठरविणे म्हणजे त्याने कोठे उभे राहावे हे ठरविणे होय, हे त्या कायदेकर्त्यास पुरते कळले होते. त्रावणकोर संस्थानात नाडर समाजाच्या स्त्रियांना अंगाचा वरचा भाग झाकण्याच्या अधिकारासाठी कित्येक दशके झगडावे लागले आणि १८५९ मध्ये राजाज्ञा निघाली तेव्हाही उच्चवर्णीय स्त्रियांप्रमाणे वस्त्र पांघरण्याची मोकळीक त्यांना मिळाली नाही. झाका, पण आमच्यासारखे झाकू नका, असा तो न्याय होता. इकडे महाराष्ट्रात लष्कराच्या गणवेशाने महार शिपायाला असा वेश दिला की जो जातीने नव्हे तर हुद्द्याने ठरत असे. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या घरात बाबासाहेब वाढले ते याच परंपरेत. नीटनेटकेपणाचे संस्कार त्यांना विलायतेतच मिळाले असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे शाळेतील लहान मुलालाही ठाऊक असते. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांशी स्वतंत्रपणे संवाद साधला, ही गोष्ट मात्र पुष्कळदा मागे पडते. लुगडे नेसण्याची पद्धत बदला, अंगावरील जड दागिने उतरवा, स्वच्छ राहा, असे त्यांनी सांगितले. याचे कारण सौंदर्य नव्हते. गुडघ्यापर्यंतचे लुगडे आणि गळ्यातील माळा पाहून रस्त्यावरचा कोणताही माणूस लांबूनच जात ओळखत असे. ती ओळखीची खूण पुसणे हा हेतू होता. पोशाख हा त्यांच्या दृष्टीने नखरा नसून हक्काचा भाग होता. गांधीजींनी १९२१ मध्ये मदुराईला पंचा स्वीकारला तो गरिबांशी एकरूप होण्यासाठी. ज्यांच्यावर पंचा शतकानुशतके लादलेला होता त्यांच्या नेत्याने सूट घालावा, यात विसंगती नाही. त्याग करण्यासाठी आधी हाती काहीतरी असावे लागते.

तथापि, येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. सूट म्हणजे जादूचे चिलखत नव्हे. कोलंबिया विद्यापीठात आणि लंडनमध्ये शिकून बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यास नोकरीसाठी गेले तेव्हा त्यांच्या अंगावरचा वेश आणि नावापुढच्या पदव्या त्यांना राहायला एक खोली देऊ शकल्या नाहीत. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. म्हणून कपडे नीट घातले की सारे काही सुरळीत होईल, असे सांगणारा शिक्षक विद्यार्थ्यांची फसवणूक करतो. कपडे नकाराचे एक निमित्त कमी करतात, इतकेच.

हे आजही खरे आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे अर्ज निरनिराळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठविले. दलित नावांच्या अर्जदारांना उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत बोलावणे येण्याची शक्यता कमी आढळली. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकरभरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून दाखवून दिले की, गुणवत्तेची भाषा बोलणारे हेच अधिकारी उमेदवाराच्या ‘घरच्या पार्श्वभूमी’ला मोठे महत्त्व देतात. वडील काय करतात, भावंडे काय शिकली, या प्रश्नांतून जे चाचपले जाते ते आपण सारे जाणतो. अमेरिकेत लॉरेन रिवेरा या समाजशास्त्रज्ञ विदुषीने मोठ्या सल्लागार संस्था, बँका आणि वकिली पेढ्या यांच्या मुलाखतींचा अभ्यास केला. मुलाखत घेणारे आपल्यासारख्याच आवडीनिवडीच्या, आपल्यासारख्याच राहणीच्या माणसाकडे झुकतात, असे तिला दिसले. हे अभ्यास कलाक्षेत्रापुरते नाहीत. पण जेथे ‘आमच्या टीममध्ये बसेल का?’ हा प्रश्न उघडपणे विचारला जातो, तेथे हा झुकाव कमी असेल असे मानण्यास मला काही आधार दिसत नाही.

मग करावे काय? पहिली गोष्ट म्हणजे ‘कॅज्युअल’ या शब्दाचे दडपण उतरवावे. आज जी जीन्स मोकळेपणाची खूण समजली जाते ती मुळात मजुराची विजार आहे. अमेरिकेत १८७३ मध्ये लिव्हाय स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांनी तांब्याच्या रिवेटने खिसे पक्के केलेल्या विजारीचे पेटंट घेतले ते कष्टकऱ्यांचे कपडे टिकावेत म्हणून. इंग्रजीत जाड्याभरड्या कापडाला आणि त्याच्या विजारीला जो ‘डंगरी’ शब्द आहे तो तर आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलेला आहे. टी-शर्टही अमेरिकन आरमारातील खलाशांच्या आतल्या कपड्यातून वर आला. कार्यालयात सैल कपडे घालण्याची रूढीसुद्धा आपोआप रुजली नाही. १९९२ मध्ये त्याच लिव्हाय स्ट्रॉस कंपनीने आपल्या पँटी खपाव्यात म्हणून कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना अशा पोशाखाची मार्गदर्शिका पाठविली होती. कष्टकऱ्यांचे कपडे श्रीमंतांनी उचलले, त्यांना किंमत लावली, आणि आता ते घालायचे कसे याची परीक्षा कष्टकऱ्यांच्याच मुलांची घेतली जाते! ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज नेहमी ज्या साध्या काळ्या बंद गळ्याच्या स्वेटशर्टात दिसत तोही इस्से मियाके या नामांकित जपानी वस्त्ररचनाकाराचा होता. तेव्हा त्या साधेपणाला बिचकू नये, आणि त्याची नक्कलही करू नये.

माझा सल्ला असा : समोर बसलेली माणसे रोज जसे कपडे घालतात त्याहून एक पायरी वर राहा, दोन नव्हे. ती टी-शर्टमध्ये असतील तर आपला एकरंगी, कॉलरचा शर्ट किंवा हातमागाचा कुडता. ती कुडत्यात असतील तर आपला इस्त्री केलेला पूर्ण बाह्यांचा शर्ट. टाय आणि कोट लग्नाच्या दुकानातून भाड्याने आणून ॲनिमेशन स्टुडिओत जाऊ नये. तेथे तो उमेदवार अपमानास्पद रीतीने एकटा पडतो. ती माणसे काय घालतात हे कळणार कसे? संस्थेच्या कामाची, कार्यक्रमांची छायाचित्रे आज सहज पाहावयास मिळतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे बोलावणाऱ्यालाच विचारणे. ‘मुलाखतीस येताना पोशाखाबाबत काही अपेक्षा आहे का?’ एवढे एक वाक्य फोनवर बोलण्यात कमीपणा नाही. आपली मुले विचारायला लाजतात. ज्यांना उत्तर आधीच ठाऊक आहे ती मुले मात्र बिनदिक्कत विचारतात, हे मी वारंवार पाहिले आहे.

जीन्स चालते, पण गडद निळी किंवा काळी, न फाटलेली, न विटलेली. शर्टावर मोठी अक्षरे, कंपनीची नावे, सिनेनटांची चित्रे नकोत. चित्रकाराच्या अंगावर दुसऱ्याचे वाईट चित्र कशाला? एखादी गोष्ट स्वतःची असावी : आजीने विणलेला मफलर, स्वतः छापलेल्या कापडाची पिशवी, घरच्या शिलाई यंत्रावर शिवलेले जाकीट. वस्त्ररचनेच्या क्षेत्रात तर स्वतः शिवलेले कापड हाच कामाचा नमुना ठरतो. मात्र त्याची आतली शिवणसुद्धा स्वच्छ हवी, कारण जाणकार माणूस बाही उलटून पाहतो. चित्रपटाच्या कलाविभागासाठी भेट चित्रीकरणस्थळीच ठरली असेल तर पायात बंद बूट असलेच पाहिजेत. तेथे जमिनीवर तारा, खिळे, फळ्या असतात; चपला घालून आलेल्या मुलाला तेथील माणूस कामाचा समजत नाही. मुलींनी ओढणी किंवा साडी जरूर वापरावी, पण मांडीवर कामाचा संच उघडून पाने उलटताना पदर सावरावा लागणार नाही, अशा बेताने. घरी एकदा तसे बसून पाहावे.

महाग कपड्यांपेक्षा मापाचे कपडे महत्त्वाचे. मोठ्या भावाचा शर्ट घालण्यात लाज नाही. तो खांद्यावरून ओघळत असेल तर मोहल्ल्यातील शिंप्याकडून मापात करून घ्यावा. या कामाला नव्या शर्टाच्या किमतीचा लहानसा अंशच पुरतो. आपल्या वसतिगृहात रविवारी गणवेश धुण्याची, गुंड्या टाकण्याची आणि पितळी तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरविण्याची सवय जुन्या विद्यार्थ्यांना होती. ती पिढी आज साठीला आली, पण तिच्या कॉलरची कड अजून मोडलेली नसते.

पडद्यावरच्या मुलाखती आता रूढ झाल्या आहेत. त्यात बारीक रेघांचा किंवा चौकड्यांचा शर्ट टाळावा. कॅमेऱ्यात त्या रेघा थरथरल्यासारख्या दिसतात. मागची भिंत ज्या रंगाची, त्या रंगाचा शर्ट नको. खोली लहान असेल, मागे भांड्यांची मांडणी असेल, तर एक साधी चादर ताणून बांधावी. मांडणी लपविण्यासारखी आहे म्हणून नव्हे, तर पाहणाऱ्याचे लक्ष कामावर राहावे म्हणून.

एक नाजूक प्रश्न मुले हळूच विचारतात. गळ्यातील बुद्धांची प्रतिमा, शर्टावरचे अशोकचक्र किंवा बाबासाहेबांचे पदक मुलाखतीच्या दिवशी काढून ठेवावे काय? जे रोज अंगावर असते ते त्या दिवशीही असू द्यावे, आणि जे रोज नसते ते त्या दिवशी मुद्दाम घालू नये, असे मला वाटते. पण ज्याच्या घरची चूल या नोकरीवर अवलंबून आहे, त्याने काढून ठेवले तर त्याला भ्याड म्हणण्याचा अधिकार पगारदार शिक्षकाला नाही. महाडच्या स्त्रियांनीही खुणा उतरविल्याच होत्या. फरक एवढाच की त्या खुणा दुसऱ्याने लादलेल्या होत्या आणि या आपण निवडलेल्या आहेत. हा फरक तोलून ज्याचा त्याने निर्णय करावा.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या २०१३ च्या चित्रपटातील जब्या नव्या कपड्यांसाठी तळमळतो, ते दृश्य आमच्या मुलांनी सभागृहात पाहिले तेव्हा कोणी हसले नाही. अंगावर चांगले कापड हवे ही इच्छा हलकी नाही, हे त्यांना सांगावे लागले नाही. सांगावे लागते ते पुढचे : मुलाखतीच्या खोलीत समोरच्याची नजर पहिली काही क्षणच कपड्यांवर असते; मग ती कामाच्या संचावर जाते आणि तेथेच थांबली पाहिजे. म्हणून त्या संचालाही कपड्यांइतकेच जपावे. चित्रे चुरगळू नयेत यासाठी कडक पुठ्ठ्याची फाईल, पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिकचे आवरण, दहा-बाराच निवडक कामे, आणि प्रत्येक काम कोणी, कशासाठी, किती दिवसांत केले याची मागे पेन्सिलीने केलेली नोंद.

गावाहून रात्रीच्या एस.टी.ने जाणाऱ्यांनी मुलाखतीचे कपडे अंगात घालून प्रवास करू नये. ते गुंडाळी करून वर्तमानपत्रात ठेवावेत, घडी पडत नाही. सकाळी बसस्थानकावर तोंड धुवावे, कपडे बदलावेत, बूट पुसावेत आणि दिलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी त्या इमारतीच्या समोरच्या टपरीवर चहा घेत आत जाणारी माणसे पाहावीत. काय घातले आहे त्यांनी, हे तेव्हा कळतेच. एखादी वरची गुंडी उघडायची की लावायची, एवढा बदल करायला तेवढा वेळ पुरतो.