कळलावी : फूल गौरीला, कंद कुणालाच नको

श्रावण-भाद्रपदात कोकणातल्या गडग्यांवर आणि कुंपणांवर कळलावी चढते. पानाचं टोक वळून आधाराला घट्ट धरतं. फूल आधी हिरवट, मग पिवळं, शेवटी लालभडक. ‘गौरीचे हात’ म्हणून गौरीपूजनात त्याला मान. या दिवसांत रुग्ण हमखास विचारतात, “डॉक्टर, हिचा कंद सांधेदुखीला चालतो ना?”

प्रश्नात तथ्य आहे. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाऊटमध्ये पायाचा अंगठा सुजतो, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, तेव्हा आम्ही हेच औषध लिहून देतो. तमिळनाडूत बियांसाठी या वेलीची शेती होते. पण गोळी अर्ध्या मिलिग्रॅमची असते. कंदाच्या तुकड्यात किती कोल्चिसिन आहे हे घरी कोण मोजणार? औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं. आयुर्वेदानेही हिला उपविषांत गणलं आहे. गोळी घेणाऱ्यांनीसुद्धा मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगावं.

कोल्चिसिन पेशींचं विभाजन थांबवतं. त्यामुळे जिथे सतत नव्या पेशी बनतात तिथे घाव बसतो : आतड्याचं अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळं. कंद पोटात गेला की काही तासांत घशात आग, उलट्या, पाण्यासारखे जुलाब. उलट्या थांबल्या म्हणजे निभावलं असं मुळीच समजू नका. पुढच्या काही दिवसांत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरतात, मूत्रपिंडं थकतात. वाचलेल्या रुग्णाचे केसही पुढे झडतात.

रताळं किंवा रानातला खायचा कंद समजून हा उकडला जातो, तिथेच घात होतो. उकडून विष जात नाही. बाळंतपण अडलं म्हणून बाईच्या बेंबीवर आणि तळपायांवर कंदाचा लेप लावण्याची जुनी चाल आहे. कृपा करून ती सोडा. अडलेल्या बाईचं एकेक मिनिट मोलाचं असतं, ते लेप वाटण्यात घालवू नका.

वेल उपटून टाकू नका, फुलं गौरीला खुशाल वाहा. मुलांना मात्र केशरी-लाल बियांपासून लांब ठेवा. कुणाच्या पोटात कंद किंवा बी गेलीच, तर घरगुती उपाय न करता 108 ला फोन करा आणि खाल्लेल्या कंदाचा तुकडा सोबत दवाखान्यात आणा.