तालमीपासून व्यावसायिक मैदानापर्यंत

गुणी खेळाडू जन्मावाच लागतो, असे आपल्याकडे सहज बोलले जाते. हे पूर्ण खरे असते, तर कोल्हापूरइतकेच फुटबॉलपटू यवतमाळ, पुसद आणि वणीतूनही निघायला हवे होते. कारण गुण वाटताना निसर्ग जिल्हा पाहत नाही. मग फरक कशामुळे पडतो? कोल्हापूरच्या अनिकेत जाधवची वाटचाल तपासून याचे उत्तर शोधण्याचा मी येथे प्रयत्न करीत आहे.

अनिकेतचा जन्म २००० सालचा. वडील रिक्षाचालक, घरची परिस्थिती बेताची. परंतु कोल्हापुरात कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही तालमींची नावे आहेत, तशीच संघांचीही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठाच्या पेठा तेथे लोटतात. चेंडूची गोडी मुलाला गल्लीतच लागते. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी पुण्याच्या बालेवाडीतील शासकीय क्रीडा प्रबोधिनीची. येथे निवास, आहार, शाळा आणि सराव यांची एकत्र सोय असते. बेताच्या घरातील मुलाला याचे मोल किती, हे वेगळे सांगायला नको.

पुढे ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशाकडून खेळला. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही संघांकडून भारत हरला. मात्र ही मुले पांगू नयेत म्हणून अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने 'इंडियन ॲरोज' हा तरुणांचा संघ आय-लीगमध्ये उतरवला. नोव्हेंबर २०१७ मधील पहिल्याच सामन्यात या संघाने चेन्नई सिटीला ३–० असे हरविले. त्यांतील दोन गोल अनिकेतचे होते. २०१९ मध्ये जमशेदपूर आणि २०२१ मध्ये हैदराबाद या व्यावसायिक संघांनी त्याला घेतले. मार्च २०२२ मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली, तेव्हा तो त्या संघात होता.

यावरून माझ्या मते एकच निष्कर्ष निघतो. गुण हे बियाणे होय. पण कपाशी पिकविणाऱ्या आपल्या जिल्ह्याला हे सांगायला नको की, बियाण्याला वेळेवर पाणी लागते. १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्यभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळविण्यात आला. उपक्रम चांगलाच, पण एका दिवसाच्या पावसाने पीक येत नाही.

पहिल्या पायरीसाठी मोठा निधी लागत नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपापल्या मैदानावर दर रविवारी आळीपाळीने सामने ठेवले आणि आसपासच्या शाळांतील मुलांना खेळायला व पाहायला बोलावले, तरी सुरुवात होईल. प्राध्यापकवर्गाने आणि विद्यार्थी मित्रांनी याचा विचार करावा, एवढीच विनंती.