नवगावचे सात आणि सात

मुलांनो, आपल्या अलिबाग तालुक्यात, थळ-किहीमच्या बाजूला नवगाव आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांचे मामा-आत्या तिकडे असतील. या गावच्या किनाऱ्याशी एक फार जुनी कथा जोडलेली आहे. ती आहे बेने इस्राएल लोकांची. 'बेने इस्राएल' म्हणजे इस्राएलची लेकरे.

कथा अशी सांगतात. कोणे एके काळी दूर पश्चिमेकडून एक गलबत चौल बंदराकडे येत होते. खांदेरी-उंदेरीच्या जवळ ते वादळात सापडले आणि फुटले. बहुतेक माणसे बुडाली. वाचले कोण? तर सात पुरुष आणि सात बायका. ते पोहत, फळ्यांना धरून नवगावच्या किनाऱ्याला लागले. वाहून आलेली प्रेते गावकऱ्यांनी पुरू दिली. ती जागा आजही दाखवतात, आणि तिथे आता स्मारक उभे आहे. वाचलेल्यांचे सामान गेले, धर्मग्रंथ गेले. तोंडपाठ राहिली ती फक्त 'शेमा' नावाची प्रार्थना.

आता कुणी विचारील, गुरुजी, हे खरे कशावरून? विचारलेच पाहिजे. कोणत्या साली हे घडले याचा त्या वेळचा लेख नाही. हाईम सॅम्युअल किहीमकर (आडनाव पाहिलेत ना!) यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. त्यात त्यांनी इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराचा काळ धरला. हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ साली छापले गेले. दुसरे अभ्यासक दुसरे काळ सांगतात. शिवाय चौदाचा आकडाही जरा विचार करायला लावतो. चितपावनांच्या उत्पत्तीची जी दंतकथा आहे, तिच्यातही समुद्रातून वाहत आलेले चौदाच देह आहेत. एकच किनारा, एकच आकडा! मला वाटते, आकडा गोष्टीचा असावा. पण माणसे समुद्रातून आली हे मात्र खोटे म्हणवत नाही. चौल हे फार जुने बंदर, ग्रीक खलाशांनाही माहीत असलेले. आणि २०१६ साली शास्त्रज्ञांनी या लोकांच्या रक्तातील आनुवंशिक खुणा तपासल्या, तेव्हा त्यांत पश्चिमेकडील यहुदी पूर्वजांचा आणि इथल्या पूर्वजांचा, असा दोन्हींचा वाटा मोठा निघाला.

किनाऱ्याला लागलेली ही माणसे पोटासाठी तेल गाळू लागली. लाकडी घाणा, डोळ्यांना झापड लावलेला बैल, तीळ नि खोबरे, हे आपल्या आज्यांनी पाहिलेले. पण यांचा घाणा शनिवारी बंद! त्या दिवशी बैलालाही सुट्टी. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. पुस्तक हाताशी नाही, आपली भाषा विसरलेली, तरी शनिवार विसरला नाही, बरं का.

पुढे दाऊद रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ आला. कुणी म्हणतात हजार वर्षांपूर्वी, कुणी म्हणतात अठराव्या शतकात. हे लोक आपलेच का, हे पाहायला त्याने म्हणे बायकांपुढे नाना तऱ्हेची मासळी टाकली आणि रांधायला सांगितली. बायकांनी पर आणि खवले असलेलीच मासळी वेगळी काढली. आपल्या बाजारातली मासळी घ्या: जिताडा चालला असता, शिंगाळा, मुशी, कोलंबी, चिंबोरी टोपलीतच राहिली असती. रहाबीने ओळखले आणि काही जणांना धर्म शिकवला.

ते जिथे राहिले त्या गावाला 'कर' लावून त्यांची आडनावे झाली. पेणकर, रोहेकर, चेऊलकर, दिवेआगरचे दिवेकर. बायका लुगडी नेसत, घरात मराठी. सणांची नावेसुद्धा मराठी: नव्याचा सण, खिरीचा सण. खिरीच्या सणाला नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर. नवस फिटला, लग्न ठरले की मलिदा करायचा: पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे. तो एलियाहू नबींच्या नावाने. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे, त्यावर नबींच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाच्या खुणा आहेत असे मानतात. खडकावर खाचा असतातच, असे कुणी म्हणेल. म्हणू द्या. नवस बोलणारे तिथे चपला काढूनच जातात.

अलिबागेत १८४८ सालचे त्यांचे प्रार्थनामंदिर आहे, आणि इस्राएल आळीही. पण १९४८ साली इस्राएल देश झाला, नि हळूहळू घरांना कुलपे लागली. भांडण होऊन कोणी गेले नाही. शेजाऱ्यांनीच पेट्या बांधायला हात लावला असे जुनी माणसे सांगतात. तिकडे गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. अजून सुट्टीत त्यांची नातवंडे येतात नि घर शोधतात.

घरी आजी-आजोबांना विचारा: आपल्या गावात शनिवारी कुणाचा घाणा बंद असे? त्या घरात आता कोण राहते? उत्तर वहीत लिहून आणा. पुढच्या अंकात लावू.