हिरडा कडू की तुरट?

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, घोडेगावच्या पुढे डिंभे, आहुपे, भीमाशंकरकडे जाताना हिरड्याची झाडे जागोजागी दिसतात. तेथील महादेव कोळी कुटुंबे कोवळी फळे गोळा करून वाळवतात. हाच बाळहिरडा. त्याच्या विक्रीवर त्यांची बरीचशी रोख मिळकत अवलंबून असते. या हिरड्याची चव इंग्रजीत कशी सांगाल? ‘बिटर’ असे लिहिले, तर गुण अर्धेच मिळतील!

‘बिटर’ म्हणजे कडू. ‘चावणे’ या अर्थाच्या ‘बाइट’ या शब्दाशी त्याचे नाते आहे. कारले, कडुनिंब, काडेचिराईत, क्विनीन ही ‘बिटर’ची खरी उदाहरणे. कडू ओळखणारे सुमारे २५ प्रकारचे ग्राहक रेणू माणसात असतात. वनस्पतींतील पुष्कळ विषे कडू असतात, तेव्हा ही चव म्हणजे एक प्रकारचा पहारेकरीच होय. दुधी कधी कडू निघाला, तर तो मुळीच खाऊ नये, त्याचा रस तर पिऊच नये. त्यातील क्युकर्बिटॅसिन या द्रव्यांमुळे रक्ताच्या उलट्या होऊ शकतात. आपल्या देशात माणसे दगावलीही आहेत. ‘कडू तेवढे औषधी’ हा समज येथे घातक ठरतो.

आता हिरड्याचा मुगाएवढा तुकडा चघळून पाहा. थोडा कडवटपणा जाणवेल, पण लगेच तोंड आवळल्यासारखे होईल आणि जीभ टाळूला खरखरीत लागेल. हिरड्यातील टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसते आणि लाळेचा बुळबुळीतपणा जातो. म्हणजे तुरटपणा ही चवीपेक्षा स्पर्शाचीच जाणीव अधिक! यासाठी इंग्रजी शब्द ‘अ‍ॅस्ट्रिंजंट’. ज्या लॅटिन शब्दापासून तो आला त्याचा अर्थ ‘आवळून बांधणे’. टॅनिन कातड्यातील प्रथिनांनाही असेच बांधते, म्हणून हिरडा कातडी कमावण्यासाठी वापरतात. फार उकळलेला कोरा चहा असाच तुरट लागतो. त्यात दूध घाला: टॅनिन दुधातल्या प्रथिनांना चिकटते आणि तुरटपणा कमी होतो. हा प्रयोग घरी सहज करता येईल.

फोडणीत मिरची जळाली की घरभर ठसका लागतो. तो धूर ‘अ‍ॅक्रिड’. मिरचीचा तिखटपणा मात्र ‘पंजंट’, म्हणजे मुळात टोचणारा. ‘बिटर कोल्ड’चे भाषांतर कोणी ‘कडू थंडी’ करू नये. आपल्याकडे थंडी कडाक्याची असते.

शब्दांचा असाच घोटाळा आपल्या घरातही आहे. मराठी ‘कडू’ हा शब्द संस्कृत ‘कटु’पासून आला, पण आयुर्वेदात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि कडू म्हणजे ‘तिक्त’. त्रिकटु चूर्णात काय असते? सुंठ, मिरी, पिंपळी. तिन्ही तिखट! जुन्या ग्रंथातले ‘कटु’ कडू समजून वाचले, तर औषधच बदलेल. त्याच ग्रंथांत हिरड्याला, म्हणजे हरीतकीला, खारट सोडून बाकीचे पाचही रस दिले आहेत. त्यांत कटु आहे, तिक्तही आहे, पण प्रधान मानला आहे तो कषाय, म्हणजे तुरट.