बेडूकमाशाची शेपटी जाते कुठे?

प्रश्न : शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर पावसाचं पाणी साचलंय. त्यात काळे, शेपटीवाले जीव झुंडीने फिरतात. मुलीच्या पुस्तकात त्यांना ‘टॅडपोल’ म्हटलंय. मराठीत काय म्हणायचं? हे मासे, की डासांच्या अळ्या? फिनाइल टाकू का?
– एक वाचक, प्रताप नगर, नागपूर

उत्तर : फिनाइल मुळीच टाकू नका. ती बेडकाची पिल्लं आहेत. मराठीत त्यांना बेडूकमासा म्हणतात. शास्त्राच्या पुस्तकात ‘डिंभ’ सापडेल, पण तो शब्द कीटकांच्या अळ्यांनाही लागतो. बोलताना बेडूकमासाच बरा. कल्ल्यांनी श्वास आणि शेपटीने पोहणं, एवढ्यापुरताच तो मासा.

काळी पिल्लं झुंडीने फिरत असतील तर ती बहुधा भेकाची, म्हणजे आपल्या अंगणातल्या खरबरीत पाठीच्या बेडकाची. शेवाळ खरवडून खाणाऱ्या या पिल्लाचं आतडं लांबलचक, वेटोळं घातलेलं असतं. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे. त्यानंतरचे दिवस मोठे नाजूक. तोंड आणि आतडं नव्याने घडत असल्याने पिल्लाला खाता येत नाही, आणि तेव्हा शेपटी कामी येते. ती पालीसारखी तुटून पडत नाही. शरीर ती आतल्या आत विरघळवून वापरतं. हे सगळं घडवतो थायरॉइड ग्रंथीचा स्राव. 1912 मध्ये गुडरनाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना घोड्याची थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे वेळेआधीच इवलेसे बेडूक झाले. मला हा प्रयोग अजूनही थक्क करतो.

डासांच्या अळ्यांची शंका मात्र रास्त आहे. नागपुरात पावसाळा लागला तरी कूलरच्या टाकीत पाणी तसंच राहतं, आणि तिथे वळवळतात त्या अळ्याच. डेंग्यूच्या डासाची अळी दोऱ्यासारखी बारीक. पाण्याच्या वरच्या थराला डोकं खाली करून लटकते आणि हात हलवला की झटके देत तळाशी जाते. बेडूकमाशाचं डोकं-पोट मिळून एकच गोल गोळा, मागे चपटी शेपटी. टाकी आजच कोरडी करून घासा. डबक्याला हात लावू नका.

मुलीला जवळून पाहायचं असेल तर दोन-तीन पिल्लं डबक्याच्याच पाण्यासकट काचेच्या बरणीत घ्या. नळाचं ताजं पाणी घालू नका, त्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. पाहून झालं की त्याच डबक्यात सोडा.